नोरा क्विलचे चार नवरे आणि आमचं मंडळ

परदेशात राहून लोक काय काय साठवतात. कुणी सोनं, कुणी अत्तराच्या बाटल्या, कुणी खजुराचे डबे. मी राग साठवते. मुद्दाम नाही हो, आपोआप साठतो. रियाधमध्ये अकरा वर्षं झाली. ओलायातल्या एका कन्सल्टन्सीत नोकरी, नवरा नाशिकला, ऑफिस ते घर पाऊण तासाचं ड्रायव्हिंग आणि गाडीत बोलायला कुणी नाही. सिग्नलला गाडी थांबली की एकेक गोष्ट आठवते आणि मी स्टिअरिंगवर थापा मारते. शेजारच्या गाडीतला माणूस वळून बघतो. बघू दे!

मैत्रिणी म्हणतात, "नीला, लिहून काढ, बीपी तरी उतरेल." म्हणून इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या एका नाटकाचे तेवढे किस्से सांगते. सगळेच सांगायला बसले तर गोळीचा डोस वाढवावा लागेल.

आधी माणसं ओळखून घ्या. बापट सर म्हणजे आमचे अध्यक्ष आणि दिग्दर्शक. एका मोठ्या कंपनीत फायनान्स मॅनेजर. ते 'सर' कशाचे, हे कुणालाच माहीत नाही, पण सगळे म्हणतात आणि त्यांना आवडतं. मिलिंद सबनीस म्हणजे आमचा हक्काचा पडदेवाला. इंजिनिअर, अर्धा महिना जुबैलच्या प्लांटवर आणि अर्धा महिना रियाधला. स्वभावानं गरीब. इतका गरीब की कधीकधी कानाखाली द्यावीशी वाटते.

आणि त्याची बायको शुभांगी. वय चव्वेचाळीस, माहेर-सासर दोन्ही सांगली. लग्नाआधी नाट्यस्पर्धांत अभिनयाची बक्षिसं घेतलेली बाई. लग्न झालं, डिपेंडंट व्हिसावर इथे आली आणि वीस वर्षं मंडळाच्या कार्यक्रमांत पोरांचे नाच बसवतेय. मिलिंदचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. जूनमध्ये फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत. सांगलीला सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं कोण करणार हे वेगळं सांगायला नको.

जानेवारीत ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाली, "नीला, एकदाच. एक मोठा रोल, पूर्ण माझा. इथून जायच्या आधी. मग मी कुणाला काही म्हणणार नाही."

मी म्हटलं, "लिहिते."

आणि लिहिलं. आमच्या कंपाउंडमधली एक अमेरिकन बाई देश सोडून निघाली तेव्हा तिनं तिची पुस्तकं वाटून टाकली होती. त्यातलं एक माझ्याकडे आलं होतं, जुन्या हॉलिवूडमधल्या एका नटीचं चरित्र. नाव नोरा क्विल. तुम्ही ऐकलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं. कोळशाच्या खाणीतल्या मजुराची मुलगी. सतराव्या वर्षी स्टुडिओनं उचलली. खरं नाव एलेनोरा क्विलिन्स्की, ते बोर्डावर मावत नाही म्हणून निम्मं कापलं. दात घासून सारखे केले. कपाळ अरुंद दिसतं म्हणून पुढचे केस उपटले. जेवणात काय खायचं ते स्टुडिओ ठरवणार, हिंडायचं कुणाबरोबर ते स्टुडिओ ठरवणार. साठेक पिक्चर केले बाईनं. एकेचाळिसाव्या वर्षी स्टुडिओची एक तार आली, करार रद्द, आणि करिअर खलास!

वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, हेच नाटक.

* * *

पहिलं वाचन बापट सरांच्या दिवाणखान्यात झालं. शुक्रवार, दुपारचे चार. मी नोराच्या कॉन्ट्रॅक्टचा प्रवेश वाचत होते. हे लोकांना समजावून सांगावं लागेल म्हणून मी तयारी करून गेले होते. नोट्स काढल्या होत्या.

म्हटलं, "स्टुडिओशी सात वर्षांचा करार असायचा. दुसरीकडे काम करायचं तर यांची परवानगी. गाव सोडून जायचं तर यांची लेखी परवानगी. स्टुडिओला वाटलं तर तिला दुसऱ्या स्टुडिओकडे पाठवणार, तिला विचारणारही नाहीत. आणि एखादा रोल नाकारला तर घरी बसवणार, आणि घरी बसलेले दिवस सात वर्षांत धरायचे नाहीत."

मी नोट्सचं दुसरं पान उलटेपर्यंत कोपऱ्यातून आवाज आला, "म्हणजे कफील!" कफील म्हणजे इथला मालक-जामीनदार, आपला व्हिसा त्याच्याच हातात.

दुसरा म्हणाला, "एक्झिट रीएन्ट्रीसकट! सुट्टीवर घरी जायचं तरी त्याची परवानगी!"

तिसरा म्हणाला, "माझा पहिला कफील अस्साच होता. पासपोर्ट कपाटात ठेवायचा."

हसून हसून पुरुषांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रत्येकाला आपापलं जुनं दुखणं आठवलं. आता नियम बदललेत, पूर्वीसारखं राहिलं नाही, असं सगळं बोलून झालं. एकजण तर म्हणाला, "ताई, ही नोरा आपलीच की हो! हा रोल पुरुषानं केला तरी चालेल."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शुभांगी शांतपणे म्हणाली, "तुमचा कफील ऑफिसात तरी असायचा. आमचा घरीच जेवायला येतो."

मिलिंद टीपॉयवरचं वर्तमानपत्र वाचायला लागला. ते अरबीत होतं.

बापट सर म्हणाले, "चहा घ्या, चहा."

* * *

आता आमच्या मंडळाची एक पद्धत सांगते. सदस्यत्व 'कुटुंबप्रमुखा'च्या नावावर. फॉर्मवर त्याच्या इकाम्याचा, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याचा, नंबर, व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा मोबाइल. बायका म्हणजे 'सदस्यांच्या पत्नी'. मी पहिल्यांदा फॉर्म भरला तेव्हा कुटुंबप्रमुख म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. इकामा माझा, नोकरी माझी, घरही माझ्याच नावानं घेतलेलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन.

"वहिनी, तिथे साहेबांचं नाव लिहायचं होतं."

"साहेब नाशिकला आहेत."

"हो का? मग ते येईपर्यंत रिकामं ठेवू."

ऐका! अकरा वर्षं झाली, आमच्या कुटुंबाला मंडळाच्या रेकॉर्डात प्रमुख नाही.

तर तालमींचं वेळापत्रक ग्रुपवर पडायचं, म्हणजे नवऱ्यांना. ते आपापल्या बायकांना सांगणार. फेब्रुवारीत मिलिंद जुबैलला शटडाऊनला गेला. प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं काम, बारा-बारा तासांची शिफ्ट, फोन आत न्यायला बंदी. इकडे तालीम गुरुवारऐवजी बुधवारी ठेवली. ग्रुपवर मेसेज गेला, जुबैलच्या लॉकरमध्ये पडून राहिला. शुभांगी गुरुवारी तयार होऊन, डबा घेऊन, सरांच्या दारात हजर.

सर दारातच म्हणाले, "काल तुम्ही आला नाहीत. लीड रोलनंच असं केल्यावर कसं व्हायचं? कमिटमेंट नावाची काही गोष्ट असते."

"मला कुणी कळवलंच नाही."

"ग्रुपवर टाकलं होतं की."

"मी ग्रुपवर नाही."

"मिलिंद आहे ना!"

ती मला फोनवर हे सांगत होती आणि मी ऑफिसात मीटिंगरूमच्या बाहेर उभी राहून दातओठ खात होते. मी सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, तिचा नंबर ग्रुपवर घाला." सर म्हणाले, "नीलाताई, एकीला घातलं की सगळ्यांना घालावं लागेल. मग तो ग्रुप कसला, गोंगाट होईल."

त्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची सत्तावीस फुलं येतात. सगळी पुरुषांनी पाठवलेली.

* * *

मग नवऱ्यांचा प्रश्न निघाला. शुभांगीच्या नाही, नोराच्या.

नोरा क्विलनं चार लग्नं केली. पहिला स्टुडिओनं ठरवून दिलेला, दुसरा दारुडा, तिसरा तिची पत्रं फोडून वाचणारा आणि चौथा बरा होता तो वर्षभरात मेला. चारही नाटकात होते, एकेक छोटा प्रवेश. बापट सरांनी पेन्सिल घेतली.

"नीलाताई, चार फार होतात."

"सर, चार होते."

"होते हो. पण आपल्याकडे कुटुंबं येतात. मुलं पुढच्या रांगेत बसतात. एक करू. एकच नवरा, त्याच्यातच सगळे गुण घालू."

"दारू पिऊन पत्रं फोडून मग वर्षभरात मरणारा?"

"बरं, दोन करा."

बथ्थाच्या बाजारात चपलांचा भाव करतात तशी आमची घासाघीस सुरू झाली. ते दोनवर, मी चारवर. एका बाईनं किती नवरे करावेत हे ठरवायला सहा पुरुष गोल करून बसले होते आणि सगळे गंभीर. एकानं सुचवलं की तिसऱ्याला भाऊ करू, पत्रं भाऊही फोडतो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

शेवटी सर म्हणाले, "तीन. लास्ट. तुमचं नाही, माझं नाही."

मी उठून जायच्या बेतात होते. शुभांगी खाली सतरंजीवर बसून संवादांवर खुणा करत होती. तिनं मान वर केली.

"सर, तीन तर तीन. पण कुठला काढायचा ते मला विचारा. संसार मी केलाय त्यांच्याबरोबर."

सर हसले, सगळेच हसले. तिला म्हणाले, "बरं, सांगा कुठला काढू?"

ती म्हणाली, "स्टुडिओनं ठरवून दिलेला."

सहाहीजणांची लग्नं ठरवूनच झालेली. त्या दिवशी चारही नवरे राहिले.

* * *

मार्चमध्ये पोस्टर आलं. पोस्टर म्हणजे फोनवर फिरवायचं चित्र. वर मंडळाचं नाव, मग बापट सरांचा फोटो, सूट घालून, हात बांधून. मग स्पॉन्सर हॉटेलचा लोगो. मग 'लेखन : सौ. नीला', पुढे आडनाव नाहीच. आणि अगदी खाली, मुंगीच्या अक्षरात, 'नोरा क्विलच्या भूमिकेत : सौ. मिलिंद सबनीस'.

सौ. मिलिंद! तिचं नावच नाही. नोराचं निदान अर्धं ठेवलं होतं हो स्टुडिओनं!

मी फोन केला. सर म्हणाले, "अहो, शुभांगी मिलिंद सबनीस एवढं मोठं लिहिलं तर लोगोवर जात होतं. जागा नव्हती."

"तुमचा फोटो छोटा करा."

"तो हाय रिझोल्यूशन आहे, छोटा केला तर वाया जाईल."

शुभांगीची मुलगी इरा, तेरा वर्षांची, इथल्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत जाते आणि घरात इंग्रजीतच उत्तरं देते. मी त्यांच्याकडे बसले होते तेव्हा ती आईचा फोन बघत होती. पोस्टर मोठं करून करून बघितलं आणि विचारलं, "आई, व्हाय इज बाबा प्लेइंग नोरा?"

मिलिंद जेवत होता. तो म्हणाला, "चूक झाली असेल गं टायपिंगची."

"सो टेल देम टू फिक्स इट."

"आता कशाला उगाच. सगळ्यांना गेलं पण ते."

माझ्या ताटात शुभांगीनं दुसरी पोळी वाढली आणि मी ती अख्खी रागानं खाल्ली. मी त्या घरी पाहुणी होते, नाहीतर त्या दिवशी मिलिंदचं काही खरं नव्हतं.

* * *

आता खरा किस्सा, म्हणजे ज्यावरून मी अजून सिग्नलला हॉर्न वाजवते तो.

प्रयोगाला पाच आठवडे राहिले. बापट सरांचा मुलगा इथेच बँकेत आहे. त्याचं डिसेंबरमध्ये लग्न झालेलं, त्याची बायको व्हिसा होऊन रियाधला आली. रेवा. सत्तावीस वर्षांची, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर होती, नोकरी सोडून आली. दिसायला छान, बोलायला मोकळी. माझं तिच्याशी काही वाकडं नाही, हे आधीच सांगते.

पुढच्या शुक्रवारी तालमीला गेलो. सर म्हणाले, "एक छोटासा बदल आहे."

छोटासा! नोराची भूमिका रेवा करणार. शुभांगीला 'तितकीच महत्त्वाची' भूमिका, म्हणजे नोराकडची मोलकरीण. दुसऱ्या अंकात ट्रे घेऊन येते, एक वाक्य बोलते आणि जाते.

"लोकांना फ्रेश चेहरा लागतो," सर म्हणाले. "आणि शुभांगीताईंचं वय... म्हणजे आपण प्रॅक्टिकल बोलू."

मी म्हटलं, "सर, दुसऱ्या अंकात नोरा एकेचाळीस वर्षांची आहे."

"हो, पण ती हिरॉईन आहे ना!"

हे वाक्य मी शब्दशः सांगतेय. माझ्या नाटकात पहिल्या अंकाच्या शेवटी नेमका हाच प्रवेश आहे. अडतिसाव्या वर्षी नोराला स्टुडिओ एका हिरोची आई करायला सांगतो आणि तो हिरो तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा असतो. सरांनी तो प्रवेश स्वतः बसवला होता! त्यावर लोकांनी कसं चिडलं पाहिजे, हे आम्हाला उभं राहून समजावलं होतं! मी ओरडले. खरंच ओरडले. स्क्रिप्ट टीपॉयवर आपटलं, म्हटलं, नाटक मागे घेते, काय करायचं ते करा.

मिलिंद बघत होता. मी त्याला म्हटलं, "तू तरी बोल!" तो म्हणाला, "सरांनी विचार करूनच ठरवलं असेल." कपाळावर हात मारून घेतला मी.

शुभांगी माझ्यामागे खाली गाडीपर्यंत आली. अबायाची बटणं लावता लावता म्हणाली, "मागे घेऊ नकोस."

"तुला काही वाटत नाही का गं? तुझ्यासाठी लिहिलं मी ते!"

"वाटतं. रात्रभर रडेन बहुतेक. पण तू मागे घेतलंस तर मला स्टेजवर पायही ठेवता येणार नाही. एक वाक्य तर एक वाक्य. जूनमध्ये मी जातेय, नीला."

मी तिच्यावरही चिडले. दोन दिवस फोन उचलला नाही तिचा. आता सांगायला लाज वाटते, पण उचलला नाही.

* * *

रेवाला संवाद पाठ होईनात. तिनं बिचारीनं शाळेच्या गॅदरिंगनंतर स्टेज पाहिलेलं नव्हतं आणि सासऱ्यांनी रोल हातात ठेवल्यावर नाही कसं म्हणणार? नवीन लग्न, नवीन देश, इकामासुद्धा अजून हातात आलेला नव्हता.

मग तिला शिकवणार कोण? शुभांगी! आठवड्यातून तीन दुपारी रेवा टॅक्सीनं सबनीसांकडे जायची. नोरानं खुर्चीत कसं बसायचं, तार हातात आल्यावर आधी पाकिटाकडे का बघायचं, हसू तोंडावर ठेवून रडायचं कसं, सगळं शुभांगी करून दाखवायची. मी एकदा गेले तेव्हा दोघी जमिनीवर बसून चिवडा खात होत्या आणि रेवा म्हणत होती, "काकू, तुम्ही करता ना, तेव्हा मला नोरा दिसते. मी केलं की मीच दिसते."

शुभांगी म्हणाली, "दिसेल गं. परत कर."

"बाबांना सांगू का मी, की मला नाही जमत?"

"नको. घरात वाईटपणा येईल तुला. तुला अजून कितीतरी वर्षं त्या घरात राहायचंय."

तालमीत बापट सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, शुभांगीताईंचं मन किती मोठं!"

झालं, माझी परत सटकली. बाईचं मन मोठं असतं हे पुरुषांना नेमकं तिचं काही काढून घेतल्यावर कसं दिसतं हो? ते मन मोठं होतं तर पोस्टरवर बसवायचं होतं! मी हे मोठ्यानं बोलले. सर म्हणाले, "नीलाताई, तुम्ही फार इमोशनल आहात. म्हणूनच छान लिहिता."

* * *

प्रयोग अल खर्जच्या रस्त्यावरच्या एका इस्तिराह्यात. इस्तिराहा म्हणजे भाड्यानं मिळणारी भिंतीआडची बाग, हिरवळ, हॉल, एक पोहण्याचा हौद. इथे आमचे लग्नाचे वाढदिवस, बारशी, नाटकं सगळं त्यातच होतं. जवळपास गाईंचे मोठे फार्म, त्यामुळे वारा फिरला की अमेरिकेतल्या नोरा क्विलच्या बंगल्यात शेणाचा वास यायचा. दीडशे माणसं, पुढे पोरं, मागे बिर्याणीची पातेली. संध्याकाळी सहाला सुरू केलं, म्हणजे जेवायच्या आत संपेल.

मी उजव्या विंगेत, हातात स्क्रिप्ट, प्रॉम्प्टिंगला. माझ्याशेजारी मिलिंद, पडद्याच्या दोरीपाशी. समोरच्या विंगेत बापट सर.

पहिला अंक बरा गेला. रेवा संवाद विसरली नाही. खाणमजुराची पोर छान केली तिनं, खरं सांगते. चारही नवरे येऊन गेले, पुढच्या रांगेतल्या पोरांना काहीही झालं नाही.

दुसरा अंक. नोरा आरशासमोर बसलीय, अंगावर रेशमी गाऊन. मोलकरीण तार घेऊन येते. मोलकरीण जाते. मग बारा मिनिटं नोरा एकटी. तार वाचते, एक एक पिक्चर आठवते, आणि पुढचं सगळं सांगते: दुकानात हातमोजे विकायची नोकरी, आणि तिथे एक गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्ही अगदी नोरा क्विलसारख्या दिसता हो," आणि ही म्हणते, "हो, लोक म्हणतात." ही बारा मिनिटं म्हणजे नाटक. ही बारा मिनिटं मी शुभांगीसाठी लिहिली होती.

शुभांगी आली. पांढरा एप्रन, केस मागे घट्ट बांधलेले, हातात ट्रे. खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, स्टुडिओची तार आलीय."

रेवानं पाकिटाकडे बघायचं होतं. तिनं शुभांगीकडे बघितलं.

मी हळूच प्रॉम्प्ट दिला, "ठेव तिथे." ती बोलली नाही. मला वाटलं, विसरली. परत दिला, जरा मोठ्यानं. रेवा उठली. गाऊन काढला. शुभांगीच्या खांद्यावर टाकला, एप्रनवरूनच. तिच्या हातातला ट्रे स्वतःच्या हातात घेतला. मग दोन पावलं मागे सरली, मान खाली घातली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "मॅडम, स्टुडिओची तार आलीय."

शुभांगी जागच्या जागी उभी. तिनं माझ्याकडे बघितलं, पण मी काय देणार? या प्रवेशाचा प्रॉम्प्ट तिला देणारी मी कोण?

ती खुर्चीत बसली. आधी पाकिटाकडे बघितलं. मग म्हणाली, "ठेव तिथे." रेवानं ट्रे ठेवला आणि आमच्या विंगेत निघून आली.

समोरून बापट सर हातवारे करत होते, ओठांनी "पडदा! पडदा!" म्हणत होते. कुणी बघेना म्हणून ते मागच्या पडद्याआडून वाकून धावत आमच्या बाजूला आले, घामाघूम.

"मिलिंद, पडदा सोड! दोरी ओढ!"

वीस वर्षांत त्यानं सरांना एकदाही नाही म्हटलेलं नाही. तो स्टेजकडे बघत होता. बायकोकडे.

"सर," तो म्हणाला, "माझा हात अडकलाय दोरीत."

त्याचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते.

सर दोरीकडे वळले, तर मी पुढ्यात उभी राहिले. मी लहान चणीची नाही. आणि मग बारा मिनिटं कुणी हललं नाही. समोर दीडशे माणसं, पोरंसुद्धा. शुभांगी एकेक वाक्य असं बोलत होती की मी लिहिलेलं मलाच नवीन वाटत होतं. "हो, लोक म्हणतात," एवढं म्हणून ती हसली आणि बिर्याणीपाशी उभा असलेला आचारीसुद्धा डोळे पुसायला लागला. त्याला मराठी येत नाही, तो हैदराबादचा आहे.

पडदा मिलिंदनंच पाडला, वेळेवर.

टाळ्या चालूच होत्या तेव्हा बापट सरांनी रेवाला मागच्या खोलीत गाठलं. ती जमिनीवर मांडी घालून पाणी पीत होती. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"रेवा! काय केलंस हे? तुला काय झालं होतं?"

रेवानं बाटलीचं झाकण लावलं.

"काही नाही, बाबा. तार काकूंची होती. मी नेऊन दिली."